नळीतला उजेड

जपानात, ओजिमातल्या घरी शिलाई मशीनला तेल घातलं, आणि त्या वासाने मला थेट पुण्यातल्या बंदुकांच्या दुकानात नेलं. बाबांना नेमबाजीसाठी खालचा दांडा ओढून गोळी भरायची जुनी रायफल घ्यायची होती. रिकाम्या नळीच्या मागे उजेड आत परतावा म्हणून अंगठ्याचं नख धरून ते म्हणाले, “बघ गं, आत गंज आहे का? मला हल्ली जवळचं दिसत नाही.” मला मैत्रिणींकडे जायची घाई. डोळा लावल्यासारखं करून मी म्हटलं, “चकचकीत आहे, बाबा.” त्यांनी ती घेतली.

आत्ता मी लेकीला विचारलं, “शिवण सरळ आलीय का गं?” मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणाली, “दाइजोबु.” ठीक आहे म्हणे.

त्या रायफलीची गोळी कायम भरकटायची. नळी साफ करताना बाबांना गंज कळलाच असणार. मला मात्र ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, “माझाच नेम चुकतो गं.”