दुपारपर्यंतची हिरवाई

लेकीच्या शाळेत ‘हरित शाळा’ तपासणी होती, त्या सकाळी मी एक घोळ घातला. फाटकापाशी मांडलेल्या कुंड्या कोरड्या दिसल्या, म्हणून उत्साहानं बाटलीतलं पाणी घालत सुटलो. तेवढ्यात टेम्पोवाला धावत आला. “ओ साहेब, पाणी नका घालू! कुंड्या जड होतात. दुपारी परत न्यायच्यात.”

कुंड्या नर्सरीतून भाड्यानं आणलेल्या होत्या. तपासणी झाली, फोटो झाले, कुंड्या टेम्पोत चढल्या. मागे उरलं तापलेलं सिमेंटचं पटांगण आणि मधोमध कडुनिंबाचा बुडखा, त्यालाही हिरवा रंग फासलेला. त्या झाडाखाली पोरं डबे खायची. आता जिन्यात बसून खातात.

पालकसभेत झाड तोडायचं ठरलं, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पाखरं माझ्या स्कूटरवर घाण करायची, एवढंच काय ते माझं त्याच्याशी भांडण. आपलं झाडांवरचं प्रेमही बहुधा असंच भाड्याचं असतं, पाहुणे जाईपर्यंतचं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. लेकीचा डबा घासता घासता, वरही न बघता ती म्हणाली, “स्कूटर मात्र हल्ली स्वच्छ असते हो तुमची.”