मन न्हाय देत

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या शाळेत पेपर तपासत होतो. तिची शेजारीण कुसुमकाकी रडत सांगत होती, "दुपारी जेवली, आडवी झाली, ती उठलीच न्हाय रे..." मला रडू आलं नाही. मी घाबरलो. कारण सकाळी बुटाची नाडी बांधताना मनात स्वच्छ उमटलं होतं, आज आत्याकडे जा. एकदाच. आणि मी स्वतःलाच दटावलं होतं, काहीतरीच काय, पेपर कोण तपासणार?

आत्या हरिहरेश्वरला एकटी राहायची, देवळात येणाऱ्यांना घरगुती जेवण करून घालायची. देवळामागची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकांवरून जाते. लग्नानंतर मी बायकोला घेऊन तिकडे निघालो, तर आत्या पिठाच्या हातांनी दारात आडवी आली. "आज नको. मन न्हाय देत." चांगली ओहोटी होती, समुद्र अगदी गप. मी चिडलो, पण थांबलो. त्या दिवशी प्रदक्षिणेला गेलेले बाकीचे सगळे हसतखेळत परत आले, कुणाला साधं खरचटलंही नाही. मी तिची यथेच्छ टिंगल केली. ती म्हणाली, "न्हाय झालं ते बरंच की! मला काय खरं ठरायची हौस हाय?" मग ताटात भाकरी वाढताना सहज बोलून गेली, "भीती दिवसभर कटकट करते. देव आतून एकदाच बोलतो नि गप बसतो. आपण ऐकायला मोकळं असावं, बस."

मी मोकळा नव्हतो. आणि आत्या गेल्यापासून, हा दीड महिना, तर मुळीच नाही. फोन वाजला की हातातलं काम तिथंच टाकून धावतो. माझी मुलगी मीनल स्कूटरवरून श्रीवर्धनला कॉलेजला जाते, आणि रोज सकाळी मला ती रस्त्यात पडलेली दिसते. रोज! या कलकलाटात ते एकदाचं बोलणं आलंच, तर मला कळणार कसं?

परवा मी स्कूटरची चावी मुठीत घट्ट धरून बसलो. "आज नको जाऊस." तिची परीक्षा होती. वाटलं, आता भडकणार. पण ती हेल्मेट मांडीवर घेऊन पायरीवर माझ्याशेजारी बसली.

"बाबा, मन न्हाय देत, की घाबरलाय तुम्ही?"

मी किती तरी वेळ आत कान देऊन बसलो... शेवटी "घाबरलोय" म्हणालो आणि चावी तिला दिली.

संध्याकाळी ती सुखरूप घरी आली. तरी मी दिलेलं उत्तर खरं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही.