टाक्यातला खोटा खजिना

रामजी हिरकणीवाडीचा वाटाड्या. गड चढताना पाहुण्यांनी पुढं काय आहे असं विचारलं, की तो हसून म्हणे, "पुढं काय हाय ते पुढं गेल्यावर." त्याची मुलगी आम्रपाली हे ऐकतच वाढली. पुढे ती महाडात संगणक शिकवू लागली, पण बापाचा हा हट्ट तिच्यात तसाच राहिला.

साल २००५. रऊफभाईंच्या सायबर कॅफेत लढाईचा एक खेळ रंगायचा. त्यात आपापले नकाशे रचता येत. क्लास सुटल्यावर बसून बसून आम्रपालीनं एक किल्ला रचला आणि त्यात चोरवाट लपवली. तिथला सगळ्यात तरबेज खेळाडू नौमान. त्यानं खेळण्याआधीच नकाशा रचायच्या प्रोग्रॅममध्ये तो किल्ला उघडला, चोरवाट पाहिली आणि कॅफेभर सांगून टाकली. पहिल्याच संध्याकाळी किल्ला शिळा झाला.

"पासवर्ड टाक ना," रऊफभाई म्हणाले.

"हे लोक तोडतात, भाई. मी दुसरा रचते."

खजिना लपवलेला हा दुसरा किल्ला रविवारच्या स्पर्धेत ठेवायचं ठरलं. आदल्या दिवशी नौमान मित्रांना घेऊन आला.

"दीदी, खजिना कुठाय ते सांगून टाक. शोधत बसायला टाइम कुणाला हाय? नायतर आमी नाय खेळणार."

रऊफभाई कावले. "सांग गो! हे नाय आले तर स्पर्धा कसली? तुझा किल्ला पुसून दुसरा टाकीन."

"पुसा," आम्रपाली म्हणाली. "सांगणार मात्र नाही."

"ऱ्हाऊ दे, भाई. खेळतो आमी," नौमान हसून म्हणाला. किल्ल्याची फाइल तर मशीनवरच होती; ती आधी उघडून बघायला कितीसा वेळ!

रविवारी खेळ सुरू झाला. पहिल्या दरवाजात एक म्हातारी पहारेकरीण बसली होती. तिच्याकडे ढुंकूनही न बघता नौमानचा शिपाई दोन चोरदरवाजे न चुकता ओलांडून थेट पाण्याच्या टाक्यात उतरला. खजिना नव्हताच, आणि मागचं दार धाडकन बंद झालं. सगळ्यांच्या पडद्यांवर एकच ओळ आली: 'म्हातारीला न विचारता आलेल्याला ही वाट कुणी सांगितली?'

कॅफे हास्यानं दणाणला.

"ए नौमान, टाक्यात पोहतोस का रे?" त्याचा मित्र सोहेल ओरडला.

नौमानचे कान लाल झाले. "खजिना इथंच दिसत होता! ही चीटिंग हाय!"

"कुठं दिसत होता?" आम्रपालीनं विचारलं.

त्यानं माऊस बाजूला ढकलला.

"म्हातारीशी बोललं की खजिना जागा बदलतो. खेळणाऱ्याशी मी खोटं बोलले नाही, नौमान. चोरून बघणाऱ्याशी बोलले."

"आता तो किल्ला पुसू काय?" रऊफभाईंनी सगळ्यांना विचारलं.

"नको, भाई! आमी अजून आत पन नाय गेलो!" चारी बाजूंनी गलका झाला.

रऊफभाई तिच्या खुर्चीशी वाकले. "मला तरी सांग. खरा कुठाय?"

"तुम्हीही खेळा, भाई."

कोपऱ्यातल्या मशीनवर नौमाननं खेळ पहिल्यापासून लावला. तोंड फुगवून त्यानं शिपायाला दरवाजात नेलं आणि म्हातारीसमोर उभं केलं.