शिकारखान्यावरची वेताची खुर्ची

आमच्या गावच्या टेकडीवर एका संस्थानच्या राजेसाहेबांनी शिकारीसाठी बांधलेला बंगला आहे. गावात त्याला शिकारखाना म्हणतात. राजेसाहेब गेले, संस्थान गेलं, मग वटवाघळं आली. आता पुण्याच्या एका पार्टीनं तो विकत घेऊन तिथं रिसॉर्ट काढलंय. संध्याकाळी पाहुण्यांना व्हरांड्यात चहा-भजी मिळतात आणि बंगल्याचा इतिहासही.

हा इतिहास सांगायला मालकानं आधी मला बोलावलं होतं. बोलावणारच. आमचे आजोबा तिथं नोकरीला होते आणि मी हायस्कुलात जन्मभर इतिहास शिकवला. सागवान कुठून आलं, दगड कोणत्या खाणीतला, संस्थान विलीन झाल्यावर बंगला कुणाकडे गेला, सगळं व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून क्रमवार सांगितलं. सागवानातच एकानं जांभई दिली आणि ती सगळ्यांना लागली.

पुढच्या शनिवारी वेताच्या खुर्चीत माझा धाकटा चुलत भाऊ बसला होता.

दहावी नापास माणूस. बेल्ह्याच्या बाजारात म्हातारा बैल तरणा म्हणून खपवण्यात याची हयात गेली. यानं काय सांगावं? तर म्हणे, शिकारीसाठी रान उठवताना, हाक्यात जखमी झालेला बिबट्या राजेसाहेबांवर झेपावला, आमचा आजा मधे पडला आणि पंजा आजाच्या डाव्या खांद्यावर बसला. साफ खोटं. आजोबा कधी हाक्याला गेलेच नाहीत. ते राजेसाहेबांच्या अंघोळीचं पाणी तापवायचे. उकळतं पाणी अंगावर सांडलं, त्याचा तो खांद्यावरचा व्रण. लहानपणी मीच त्यावर तेल चोळायचो.

पण लोक ऐकतात! खाली उसात आजही बिबटे आहेत, त्यामुळे बाया तर खुर्च्या भिंतीकडे ओढून घेतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो खोटं बोलतो याचा राग कमी, माझ्या खुर्चीत बसून बोलतो याचा जास्त.

दिवाळीत नात आली. तिलाही शिकारखान्याची गोष्ट हवी होती. मी सुरुवात केली तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही नको. ते धाकटे आजोबा छान सांगतात." झालं! मी ठरवलं, आज चारचौघांत याचं पितळ उघडं पाडायचं.

संध्याकाळी नातीला घेऊन व्हरांड्यात जाऊन बसलो. गोष्टीतल्या बिबट्याचा पंजा खांद्यावर बसला आणि मी उठून उभा राहिलो. भावाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग तो पाहुण्यांना म्हणाला, "ह्ये आमचं थोरलं दादा. आजाच्या खांद्याला तेल ह्येच चोळायचं. आमी काय, आईकलेलं सांगतो. ह्यांनी डोळ्यानं बघितलंय. खरं-खोटं ह्यास्नी इचारा राव."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नातही बघत होती. इतक्या वर्षांत माझा एकही वर्ग इतका गप्प बसला नव्हता. अंघोळीचं पाणी अगदी जिभेवर होतं.

"डावा नाही," मी म्हणालो, "उजवा खांदा. चार नखांचे वळ होते. पावसाळ्यात ठणकायचे."

कुणीतरी "बाप रे!" म्हणालं. नात येऊन मला बिलगली. घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच गेलो, इस्त्रीचा सदरा घालून. भाऊ खुर्चीत बसून उजवा खांदा दाखवत होता. चार नखं, पावसाळ्यातला ठणका, सगळं माझंच. नात अगदी त्याच्या पायाशी बसली होती. आणि आजाला तेल चोळणारा नातू आता तो स्वतः होता.