अक्काची फिल्म घेऊन नगरला

जामखेडहून गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर आम्ही दोघी बहिणी आणि आमच्या मधे अक्काच्या मेंदूची फिल्म, अशी बसायची व्यवस्था होती. गाडी अक्काचे धाकटे दीर तात्या चालवत होते. अहिल्यानगरला (आमच्या तोंडी अजून नगरच) डॉक्टर ती फिल्म बघून पुढचं सांगणार होत्या. मी आदल्या दिवशीच बेलापूरहून एसटीने आले होते, कारण अशा वेळी घरात एक तरी शहाणं माणूस हवं, असं माझं स्वतःविषयी मत आहे.

भाकरी थापताना अक्काचा उजवा हात मधेच अडायला लागला होता आणि डोकं सारखं दुखत होतं. म्हणून एमआरआय झाला. फिल्म आमच्या हातात मिळाली, लेखी अहवाल मात्र थेट डॉक्टरांच्या मोबाईलवर जाणार होता. तेवढा धीर कुणाला? अक्का गोठ्यात गेलेली बघून तात्या आणि मी माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) चढलो आणि फिल्म उन्हासमोर धरली. काळ्या-करड्या चित्रात दोन पांढऱ्याशुभ्र गोल गाठी, अगदी शेजारी शेजारी.

"दोन हायेत, बाई," तात्या हळूच म्हणाले.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि शिक्कामोर्तब केलं, "दोनच." त्या दिवशी आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही. अक्का मात्र पोटभर जेवली.

जामखेडकरांना आपल्याच जिल्ह्याच्या गावी जायला मधे बीड जिल्हा ओलांडावा लागतो. आष्टी, कडा मागे पडलं की मग पुन्हा आपली हद्द लागते. दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आलेली (कणीस बाहेर पडायच्या बेतात) होती. अक्का खिडकीतून एकेका रानाची हजेरी घेत होती. "ह्येनं पानी उशिरा दिलं. ही पेरनी लई दाट झाली बग." मी नुसतं हूं हूं करत होते. कड्याला आम्ही भेळ घेतली. अक्काच्या हातातून चमचा निसटला, तो तिने डाव्या हाताने उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू का थांबलीस? खा की. तुला काय झालंय?"

"मिरची लागली," म्हणत मी पाणी मागवलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. मोठा आजार असला की पेशंटला बाहेर बाकावर बसवायचं आणि घरच्यांनी आत जाऊन ऐकायचं. मग बाहेर येऊन हसऱ्या तोंडाने सांगायचं, "काही नाही, गोळ्या दिल्यात." नगरच्या दवाखान्यात आमचा नंबर पुकारला तेव्हा मीही अक्काला म्हटलं, "तू बस इथं, आम्ही जरा विचारून येतो."

अक्का आमच्या आधी दारात. "डोकं माजं हाय. तुमीच बसा बाहेर."

शेवटी तिघंही आत गेलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि तात्यांना राहवलं नाही. "म्याडम, दोन्ही गाठी निगतील ना?"

"दोन? कुठल्या?"

तात्यांनी बोट ठेवलं. डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, हे त्यांचे डोळे आहेत!"

मी जमिनीकडे पाहू लागले. अक्का उठून फिल्मजवळ गेली. तिची स्वतःची फिल्म ती तेव्हा पहिल्यांदाच बघत होती. "डोळं व्हय? मग गाठ कुठंय?"

डॉक्टरांनी शेजारचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला, कवटीला चिकटून, लिंबाएवढी. "ही मेंदूच्या आत नाही. मेंदूवर आवरण असतं, त्यातून वाढलीय आणि बाहेरून मेंदूला दाबतेय. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून तो अडतो."

अक्काने विचार केला. "म्हंजी बांधावरची बाबळ. रानात न्हाई, पर सावलीनं पीक मारती."

"अगदी तसंच. काढण्यासारखी आहे. अशा गाठी बहुतेक साध्याच असतात, पण काढून तपासल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. आणि डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की धोका असतो."

"आन् हात?"

"सुधारेल असं वाटतं. हमी नाही देत."

"मग काडा," अक्का म्हणाली.

धोका मीही ऐकला होता, तरी मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडले. अक्काने मला पाणी पाजलं.

परतीच्या वाटेवर तात्या मधेच "डोळं, बाई!" म्हणून हसत सुटायचे. अखेर गाडी बाजूला घ्यावी लागली. तिथेच अक्काने माझ्याकडे मोबाईल मागितला. तिचा मुलगा सुनील पुण्यात नोकरीला आहे. ऑपरेशन पार पडेपर्यंत त्याला काही कळू द्यायचं नाही, असं तात्यांचं आणि माझं ठरलेलं होतं.

"अक्का, घाबरेल तो. नंतर सांगू."

"तुमी मला न सांगता दोन गाठी घेऊन बसला हुता. त्यापरीस ही येक खरी बरी."

तिला जपायचं म्हणून आम्ही सगळं तिच्यापासून लपवलं, आणि ज्या माणसाला ते पेलवलं असतं तेवढं एकच माणूस बाहेर ठेवलं. मी नंबर लावून दिला.

"सुनील, माज्या डोक्यात गाठ हाय. आदी ऐक. मेंदूत न्हाई, मेंदूवर. डाव्या अंगाला, लिंबाएवढी. म्या सवता बगितली. काडायची ठरवलीय. तू ये."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग अक्का खालच्या सुरात म्हणाली, "आरं, रडू नगं. आन् ये म्हनलं म्हंजी तसाच पळत येऊ नगं. जेवून निग."