उकाड्यात गेलेली कॅसेट

मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेतल्या एका जुन्या मूकपटाबद्दल वाचत होती. कुणा बाईची करुण कहाणी होती. त्याची एकही प्रत उरलेली नाही, फक्त दोन फोटो आणि छापलेली गोष्ट. अब्बा इकडची आखातातली नोकरी संपवून इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून कशात लक्ष घालत नाहीत, पण त्यांनी विचारलं, "गेला कसा?"

"गोदामात उकाड्याने फिल्म पेटली म्हणे," मी मुलीला विचारून सांगितलं.

"त्यांनीपण एसी बंद केला असेल," अब्बा म्हणाले.

आत्याच्या लग्नाला अब्बांना सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून गावाहून त्यांना व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. अम्मी फोटोलासुद्धा उभी राहायची नाही. चालतीबोलती अम्मी तेवढ्या एका कॅसेटमध्ये होती. ती वारली आणि अब्बांनी कॅसेट इकडेच ठेवायची ठरवलं. कोकणातल्या पावसात कॅसेटला बुरशी येते, वाळवंटात काय होणार! शहाणपणाच तो. मग भर उन्हाळ्यात ते गावी आले, निघताना खोलीचा एसी बंद करून, खिडक्या लावून. कॅसेट टीव्हीवर, खिडकीपाशी. परत गेले तेव्हा ती वाकली होती आणि आतली फीत चिकटली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, "खलास, चाचा." त्यानंतर अब्बांनी कॅसेटचं नाव काढलं नव्हतं. आम्हीही काढलं नाही.

मुलीला हे काही माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तिने विचारलं, "ग्रँडपा, व्हॉट वॉज इन इट?"

अब्बा उठून बसले. मग म्हणाले, "तुझी दादी. मांडवात सरबत वाटत होती. कॅमेरा समोर आला तशी ओढणी सारखी केली आणि मला काहीतरी बोलली. पण बँडचा एवढा गोंगाट, काही ऐकू येत नाही. कितीदा लावून बघितलं."

"काय बोलली?" मी विचारलं.

"फक्त ओठ दिसायचे. असे." त्यांनी आवाज न करता ओठ हलवले.

मला लगेच कळलं. अब्बांचा फोन आला की ठेवण्याआधी अम्मी दर वेळी हेच विचारायची. कधी येताय?

"कळलं तुला?" अब्बांनी विचारलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"नाही," मी म्हणालो.

"मलापण नाही कळलं," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.