येऊन राहिली

डोळ्यांआधी कानांना कळणाऱ्या गोष्टींत माझ्या लेखी पहिला मान एसटीच्या आवाजाचा. पातूरकडच्या आमच्या गावात सकाळच्या उन्हाला अजून धार चढलेली नसे, अंगणातल्या ओल्या सड्याचा गंध हवेत रेंगाळत असे, आणि टेकडीच्या वळणापलीकडे इंजिनाची घरघर उमटे. बस दिसायला अजून अवकाश असे. तरी शेजारची पुष्पाआत्या ओट्यावरून हाळी देई, "येऊन राहिली वं!" आणि आम्ही पोरी दप्तरं सावरत पळत सुटायचो. त्या दोन शब्दांच्या भरवशावर माझं सगळं शिक्षण झालं.

आता मी अमरावतीत पत्रकारिता शिकते. बातमीचं शास्त्र आज केवढं विस्तारलंय, म्हणून सांगू! मोबाइल केव्हा उभा धरावा नि केव्हा आडवा, खोटा फोटो कसा हुडकावा, बोट पुढे सरकण्याआधी बघणाऱ्याला कसं थांबवावं, हे सगळं शिकून झालं. त्याहून अवघड होतं ते जिभेवरचं 'मले-तुले' उतरवणं. कॅमेऱ्यासमोर प्रमाण मराठी बोलून बोलून माझा जबडा दुखायचा आणि कॅमेरा बंद झाला की मी पुन्हा माणसांत यायचे.

अशात पुण्याच्या एका बातम्यांच्या पोर्टलला प्रशिक्षणार्थी हवे होते. परीक्षा एवढीच, की आपल्या भागातल्या एखाद्या प्रश्नावर छोटा व्हिडिओ करून पाठवायचा. चांगला असला तर ते तो प्रसिद्धही करणार. मी अकोल्यावरून गाव गाठलं. आमच्याकडचा रस्ता कामासाठी उखडला तेव्हा बस बंद झाली होती. रस्ता झाला, गुळगुळीत झाला, बस मात्र परतली नाही. आत्याची सोनल पातूरच्या कॉलेजात अकरावीला. आत्यानं थेट कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "रस्ता झाला, पण बस येऊनच नाही राहिली. पोरगी कॉलेजले जाईन कशी? तिचे बाबा म्हणतात, बसव घरी." सोनल मागे उंबऱ्यात उभी होती.

व्हिडिओ झळकला. खाली आत्याच्या बोलण्याची, यंत्रानं उमटवलेली आणि पुण्याच्या संपादकीय टेबलानं घासूनपुसून लख्ख केलेली अक्षरं होती: "बस येते, पण गावात राहत नाही, थांबत नाही." एकही ऱ्हस्वदीर्घ चुकलेला नव्हता. एसटीचे साहेबलोकही तत्पर, त्यांनी लगेच कळवलं, गावात बस थांबवण्याची समज चालकांना देऊ. आता मला सांगा, जी बस येतच नाही ती थांबवायची कुठे? आत्याचा फोन आला, "काहून वं, म्या असं कवा म्हटलं?"

माझी निवड त्याच टेबलाच्या हाती होती, आणि मैत्रिणी म्हणत होत्या, निकाल लागेपर्यंत गप राय, उगाच त्यांची चूक काढू नको. पण डोळ्यांपुढून उंबऱ्यातली सोनल हलेना. मी पुण्याला फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "म्हणजे 'राहिली' म्हणजे थांबली नाही?" मी इतके दिवस घोटलेली प्रमाण मराठी त्या क्षणी मला सोडून गेली. "नाही वो मॅडम," मी म्हणाले, "आमच्याकडं येऊन राहिली म्हणजे येणं चालू हाय. येऊनच नाही राहिली म्हणजे बसच बंद हाय." त्या हसल्या, पण मला नव्हे. त्याच दुपारी त्यांनी आत्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले, त्यांखाली अर्थ दिला आणि चूक झाल्याचं स्पष्ट लिहिलं. अशी माणसं या धंद्यात वाट्याला यावीत, यापरतं भाग्य ते कोणतं? मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

तेव्हापासून त्या क्रियापदाचा विचार मनातून जात नाही. ज्या शब्दात पुण्याला मुक्काम दिसतो, त्यात आम्हा वऱ्हाडकरांना गती ऐकू येते. पोचलेलं नाही, पण वाटेवर आहे, अशा प्रत्येक गोष्टीसाठी आमच्या बोलीनं एक जागा राखून ठेवलीय. आणि पत्रकारिता तरी निराळी काय असते? वळणापलीकडची घरघर आधी ऐकावी आणि ओट्यावरून नीट हाळी द्यावी. वर्गात मला पुष्कळ मिळालं, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण हा पहिला धडा आत्यानं दप्तराच्या वयातच दिला होता आणि मी तोच जिभेवरून पुसायला निघाले होते.

निवडीची मेल अजून आलेली नाही. मी वाट पाहून राहिले. आज सकाळी मात्र ऑटोत बसता बसता आत्याचा फोन आला. तिनं फोन नुसता रस्त्याकडे धरला असावा. दुरून एक ओळखीची घरघर येत होती. मी ऑटोवाल्या दादांना म्हटलं, जरा थांबा.

"ऐकून राहिली का?" आत्या म्हणाली. "येऊन राहिली वं."

घरघर वाढत गेली, मग मंदावली. दार करकरलं. मागून सोनलचा आवाज आला, "जातो वं माय." माझे डोळे भरून आले.

"आन थांबली बी," आत्या म्हणाली.